नकाराचे कारण : मेल सर्व्हरने किती सांगावे?

१. मेल परत येतो तेव्हा

मेल पाठवून दोन मिनिटे होत नाहीत तोच 'मेलर-डीमन' अशा विचित्र नावाच्या कुणाकडून इंग्रजीत एक लांबलचक पत्र येते. मेल वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे पत्र कधी ना कधी पाहिलेले असते. बहुतेक जण ते न वाचताच काढून टाकतात आणि समोरच्याला फोन लावतात. जे वाचायला जातात त्यांना दोन प्रश्न पडतात. माझा मेल कुणी नाकारला आणि का? आणि कारण सांगायचेच होते, तर ते इतके मोघम का सांगितले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तंत्रात सापडते. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र मेल सर्व्हर चालवणाऱ्यांमध्येच एकमत नाही. मेल नाकारणाऱ्या सर्व्हरला समोर कोण उभे आहे हे ठाऊक नसते. पत्ता टाइप करताना चुकलेली शिक्षिका असेल, नाहीतर लाखो पत्त्यांची चाचपणी करणारी टोळी. कारण जितके स्पष्ट सांगावे तितका दोघांनाही उपयोग होतो. म्हणून काही जण म्हणतात, 'नाकारले' एवढेच सांगा आणि गप्प बसा. हे मत मला चुकीचे वाटते. ते का चुकीचे आहे आणि कुठे काही अंशी बरोबरही आहे, हे या प्रकरणात पाहू.

रजिस्टर्ड पत्र परत येते तेव्हा पाकिटावर पोस्टमनचा शेरा असतो. 'पत्ता अपुरा' असेल तर आपण पत्ता पुन्हा विचारून घेतो. 'घर सोडून गेले' असेल तर नवा पत्ता शोधतो. 'घेण्यास नकार' असेल तर वकिलाकडे जातो. पत्र परत आले ही गोष्ट तिन्ही वेळा सारखीच, पण पुढे काय करायचे हे शेरा ठरवतो. नकाराच्या कारणाचे मोल यावरूनच जोखायला हवे. कारण वाचून पाठवणाऱ्याला पुढचे पाऊल टाकता येते का, ही पहिली कसोटी. तेच कारण वाचून चोराला आधी माहीत नसलेले काही कळते का, ही दुसरी.

२. दोन सर्व्हरचे बोलणे

मेल सर्व्हर ज्या रीतीने एकमेकांशी बोलतात तिला एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली तिचा मसुदा लिहिला. त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या, २००८ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली, पण संभाषणाचा साचा जुनाच राहिला. तुमचा मेल तुमच्या सर्व्हरकडे जातो आणि तो सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी जोडणी करतो. आधी स्वतःचे नाव सांगतो, मग मेल कुणाकडून आहे ते, मग कुणासाठी आहे ते. या प्रत्येक वाक्याला समोरून होकार आला, तरच मजकूर पाठवला जातो. म्हणजे पत्र हातात घेण्याआधीच, नुसत्या नावांवरून नकार देण्याची सोय या रीतीत मुळापासून आहे.

प्रत्येक उत्तर तीन आकडी असते. २ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे 'ठीक', ४ ने सुरू होणारे म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या' आणि ५ ने सुरू होणारे म्हणजे 'नाही, पुन्हा येऊ नका'. '२५०' आले की काम पुढे सरकते. '४५०' आले तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो; निदान चार-पाच दिवस त्याने प्रयत्न सोडू नयेत असे नियमांत सुचवले आहे. '५५०' आले की विषय संपला. पण नुसत्या '५५०'वरून कारण कळत नाही, म्हणून १९९६ मध्ये टिंबांनी जोडलेल्या तीन आकड्यांचा आणखी एक कोड आला. त्यातला पहिला आकडा तोच २, ४ किंवा ५. दुसरा विषय सांगतो : १ म्हणजे पत्त्याची भानगड, २ म्हणजे पेटीची, ३ म्हणजे घेणाऱ्या यंत्रणेची, ७ म्हणजे सुरक्षेची किंवा धोरणाची. तिसरा नेमका तपशील सांगतो. '५.१.१' म्हणजे या पत्त्यावर कुणी नाही. '५.३.४' म्हणजे मेल या यंत्रणेसाठी फार मोठा आहे. या आकड्यांमागून साध्या शब्दांत एखादे वाक्य येते. आकडे यंत्रासाठी असतात, वाक्य माणसासाठी. आपला सगळा वाद या वाक्यात काय लिहावे याविषयी आहे.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढच्या युक्तिवादाचा बराच भार तिच्यावर आहे. तुमच्याकडे येणारे ते लांबलचक पत्र नाकारणारा सर्व्हर लिहीत नाही. तो जोडणी चालू असतानाच एक-दोन ओळींत नाही म्हणतो आणि मोकळा होतो. पत्र तुमचाच सर्व्हर लिहितो आणि समोरून आलेली ओळ त्यात चिकटवतो. त्यामुळे संभाषण चालू असताना दिलेला नकार, जो खरोखर दारात उभा आहे त्याच्याकडेच जातो.

३. जास्त बोलण्याचे तोटे

गप्प बसा म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. जुन्या एसएमटीपीत दोन आज्ञा होत्या. पहिलीने 'अमुक नावाचे कुणी तुमच्याकडे आहे का' असे विचारता येई. दुसरीने एखाद्या यादीत कोण कोण आहे याची नावे मागता येत. नेटवर्कवर ओळखीची विद्यापीठे आणि प्रयोगशाळाच होत्या, तोवर हे सोयीचे होते. स्पॅमवाल्यांच्या हाती हीच सोय पत्ते गोळा करण्याचे साधन झाली. आज बहुतेक सर्व्हर पहिल्या आज्ञेला '२५२' असे उत्तर देतात, म्हणजे 'खात्री करून सांगता येत नाही, पण मेल दिलात तर पोचवण्याचा प्रयत्न करू', किंवा ती आज्ञाच बंद ठेवतात. दुसरी तर जवळपास हद्दपार झाली आहे. हे योग्यच झाले. कुणाची पेटी आहे आणि कुणाची नाही, हे मेल न पाठवता विचारत सुटण्याचे प्रामाणिक कारण क्वचितच असते.

दुसरे उदाहरण बारीक आहे, पण बोलके आहे. वीत्से व्हेनेमा यांनी लिहिलेला आणि १९९८ पासून उपलब्ध असलेला 'पोस्टफिक्स' हा मेल सर्व्हर अज्ञात पत्ता नाकारताना मूळ मांडणीप्रमाणे असे म्हणतो, की हा वापरकर्ता स्थानिक यादीत सापडला नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला दोष शोधताना 'स्थानिक यादीत' हे शब्द उपयोगी पडतात, कारण पोस्टफिक्समध्ये अशा याद्या अनेक असतात. बाहेरच्या माणसाला मात्र त्या शब्दांनी काहीही करता येत नाही. चोरालाच कळते, की हा पत्ता आत कुठल्या प्रकारच्या यादीत शोधला जातो. म्हणून ते शब्द गाळण्याची सोय पोस्टफिक्सनेच दिली आहे, आणि हा जादा तपशील इतरांच्या कामाचा नाही असे त्याच्या माहितीपत्रातही सुचवले आहे. वरच्या दोन्ही कसोट्या इथे लागू होतात : पाठवणाऱ्याला उपयोग शून्य, चोराला थोडा. असे शब्द गाळावेत. आतल्या यंत्रांची नावे, फाइलींचे मार्ग, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती यांनाही हाच न्याय लावावा. ही माहिती सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीत असावी, दारात वाचून दाखवू नये.

४. गप्प बसण्याचे तोटे

आता हाच युक्तिवाद ताणून पाहू. पेटी अस्तित्वात नाही हेसुद्धा सांगू नये, नुसते 'नाकारले' म्हणावे, असे समजा. चोर एक हजार नावे घेऊन येतो. नऊशे नव्वद नावांना '५५०' मिळते, दहांना '२५०'. त्याला हवे ते मिळाले. शब्द गाळले तरी आकडा उरतो, आणि पत्ते गोळा करणाऱ्याला तेवढा आकडा पुरतो. शिक्षिकेने मात्र एक अक्षर चुकवलेले असते. तिला 'नाकारले' एवढेच वाचून पत्ता चुकला, आपल्यावर बंदी आली की समोरची यंत्रणा बिघडली, हे कळायला मार्ग नाही. शब्द लपवल्याने चोराचे काही बिघडले नाही, प्रामाणिक माणसाचे बिघडले. मोघम नकाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या हिशेबाचे समाधानकारक उत्तर दिलेले मला दिसत नाही.

मग आकडाही लपवायचा असेल तर? तसे करायचे म्हणजे सगळ्यांना '२५०' म्हणायचे, सगळे मेल आत घ्यायचे आणि नको ते नंतर बघायचे. नंतर बघण्याचे मार्ग दोनच. पहिला, आत घेतलेला मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत पाठवणे. पण स्पॅममधला 'कडून' पत्ता सहसा खोटा असतो, दुसऱ्याच कुणाचा उचललेला. त्यामुळे परतीचे पत्र ज्याने काहीच पाठवले नाही त्याच्या पेटीत जाऊन पडते. एखाद्याचा पत्ता मोठ्या स्पॅमच्या लाटेत वापरला गेला, तर त्याच्याकडे अशी हजारो पत्रे येतात. स्वतःचे तोंड झाकण्याच्या नादात सर्व्हर तिऱ्हाइतावर स्पॅमचा मारा करू लागतो, आणि त्यापायी अशा सर्व्हरचेच नाव काळ्या यादीत जाते. दुसरा मार्ग म्हणजे मेल घेऊन मुकाट्याने नष्ट करणे. हा त्याहून वाईट. पाठवणाऱ्याला वाटते मेल पोचला, घेणाऱ्याला तो आला होता हेच माहीत नसते. नोकरीचा अर्ज, निविदा, रुग्णालयाचा अहवाल यांपैकी काहीही असे गायब होऊ शकते आणि कुणालाच संशय येत नाही. एसएमटीपीचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. एकदा '२५०' म्हटले की मेल पोचवण्याची किंवा पोचला नाही हे कळवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. मेल लबाडीचा आहे अशी अगदी पक्की खात्री असेल तरच मूकपणे टाकण्याचा विचार करावा, असे २००८ च्या आवृत्तीत म्हटले आहे.

पत्त्यांची चाचपणी रोखण्याचा खरा उपाय वेगळाच आहे. चुका मोजाव्यात. पोस्टफिक्समध्ये एकाच जोडणीत १० चुका झाल्या की तो मुद्दाम संथ होतो आणि २० झाल्या की जोडणी तोडतो. या मर्यादा मूळ मांडणीतच आहेत. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर नकाराचे उत्तर देण्यापूर्वी, बदल केला नसेल तर, ५ सेकंद थांबतो. पत्ता एकदा चुकवणाऱ्याला पाच सेकंद जाणवतही नाहीत. एक लाख नावे एकापाठोपाठ तपासू पाहणाऱ्याचे मात्र पाच लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ सहा दिवस जातात. त्याने शंभर यंत्रे कामाला लावली तर हा काळ घटतो हे खरे, पण त्याचा खर्च वाढतो, आणि शब्द लपवून तर त्याचा खर्च एका पैशानेही वाढत नाही.

५. रेघ कुठे ओढावी

नाकारण्याच्या कारणांचे माझ्या मते दोन मुख्य गट पडतात. पहिल्या गटातली कारणे म्हणजे कुणालाही बाहेरून तपासता येतील अशा गोष्टी. दुसऱ्यात सर्व्हरचे अंदाज येतात. पहिला गट पूर्ण उघड करावा, दुसऱ्याचे नुसते अस्तित्व सांगावे.

पहिल्या गटाचे सर्वांत साधे उदाहरण मेलच्या आकाराचे. एखाद्याने २० एमबीची फाइल जोडली आणि समोरच्या सर्व्हरची मर्यादा २५ एमबी आहे. तरीही मेल परत येतो. मेलमधून फाइल पाठवताना ती साध्या अक्षरांत उतरवावी लागते आणि त्यात ती एक तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते. २० चे सुमारे २७ होतात. 'मेल फार मोठा' एवढेच सांगितले तर पाठवणारा चक्रावतो, कारण त्याच्या संगणकावर आकडा २० दिसतो. 'मर्यादा २५, तुमचा २७' असे सांगितले तर तो फाइल दोन मेलांत विभागतो. यात लपवण्यासारखे काहीच नाही, कारण ही मर्यादा सर्व्हर संभाषणाच्या सुरुवातीलाच जाहीर करू शकतो आणि बहुतेक सर्व्हर करतातही.

काळ्या याद्यांचेही असेच आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या स्पॅमहाउससारख्या संस्था स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांच्या याद्या ठेवतात. एखादा पत्ता यादीत आहे का, हे विचारायची पद्धत अगदी सोपी आहे. १९२.०.२.९९ हा पत्ता तपासायचा असेल तर त्याचे आकडे उलटे करून ९९.२.०.१९२ असे लिहायचे, पुढे यादीचे नाव जोडायचे आणि नावांच्या सार्वजनिक निर्देशिकेत म्हणजे डीएनएसमध्ये शोधायचे. उत्तर मिळाले तर पत्ता यादीत आहे. सोबत कारण सांगणारा मजकूर ठेवण्याचीही सोय आहे. म्हणजे चोराला आपले नाव यादीत आहे का हे स्वतःच पाहता येते, आणि तो पाहतोच. नकारात यादीचे नाव गाळल्याने अडतो तो स्वस्त सामायिक सर्व्हरवर दुकानाचा मेल चालवणारा माणूस. शेजारच्या कुणीतरी स्पॅम पाठवला म्हणून त्याचा पत्ता यादीत गेलेला असतो. यादीचे नाव कळले तर तो सर्व्हर कंपनीला जाब विचारू शकतो. न कळले तर महिनाभर ग्राहकांची माफी मागत राहतो.

पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियमही याच गटातले. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले, की फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना ओळख पटवण्याच्या तिन्ही पद्धती वापराव्या लागतील. आमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी, मेलवरची संगणकीय सही, आणि या दोन्हींत गफलत दिसली तर काय करावे याची सूचना, अशा त्या तीन पद्धती. मेल या कारणासाठी नाकारताना जीमेल ओळख पटली नाही असे स्पष्ट लिहितो आणि माहितीच्या पानाचा दुवाही देतो. जगातल्या सर्वांत मोठ्या मेल यंत्रणांपैकी एकीला, जिच्यावर रोज हल्ले होतात तिला, हे उघड सांगण्यात धोका वाटत नाही. मग पन्नास पेट्यांच्या सर्व्हरने कारण गुप्त ठेवावे, याला आधार कुठला?

दुसरा गट अंदाजांचा. मजकूर तपासणारे फिल्टर शब्द, दुवे, रचना यांना गुण देतात. 'स्पॅमअ‍ॅसॅसिन' या प्रसिद्ध फिल्टरमध्ये, बदल केला नसेल तर, ५ गुण झाले की मेल स्पॅम ठरतो. नकारात 'तुमचे गुण ६.२, त्यांपैकी २ या दुव्याचे, दीड या शब्दांचा' असे छापले, तर स्पॅमवाला तो दुवा बदलून पुन्हा येतो. इथे गप्प बसणाऱ्यांचे म्हणणे पूर्ण खरे आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले होते, की संरक्षणाची पद्धत शत्रूला कळली तरी संरक्षण टिकले पाहिजे, गुपित फक्त किल्लीत असावे. मेल सर्व्हरलाही पुष्कळदा हे तत्त्व सांगितले जाते. पण अंदाज बांधणाऱ्या फिल्टरला निराळी किल्लीच नसते. त्याचे गुण हीच त्याची किल्ली. ती देऊ नये. 'मजकुरामुळे नाकारले' एवढे सांगावे आणि सोबत एक संदर्भ क्रमांक द्यावा. त्या क्रमांकावरून आतल्या माणसाला पूर्ण तपशील नोंदवहीत सापडतो.

दोन गटांच्या बाहेर राहते ती घेणाऱ्या माणसाची खासगी बाब. तिने तुम्हाला अडवले आहे, तो नोकरी सोडून गेला, तिचे खाते चौकशीसाठी गोठवले आहे, हे सांगणे सर्व्हरचे काम नाही. 'ही पेटी मेल घेत नाही' एवढे पुरे.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप : धूर्त स्पॅमवाले प्रत्येक शब्द वाचतात, त्यांना शिकवता कशाला? धूर्त टोळ्यांना आपल्या शब्दांची गरज नसते. त्या जीमेलसारख्या सेवांवर स्वतःची खाती उघडतात, तिथे मेल पाठवून तो कुठल्या पेटीत पडतो ते पाहतात आणि मजकूर त्याप्रमाणे बदलतात. अडाणी स्पॅमवाले तर उत्तराकडे पाहतही नाहीत. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी एक युक्ती मांडली : अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा '४५०'च्या जातीचे उत्तर द्यायचे आणि तो परत येतो का ते पाहायचे. ती कमालीची यशस्वी झाली, कारण पुष्कळसे स्पॅम सॉफ्टवेअर परत येतच नव्हते. 'थोड्या वेळाने या' एवढेही जे ऐकत नव्हते, ते पुढचे वाक्य वाचून शहाणे होतील ही भीती अनाठायी आहे.

दुसरा आक्षेप : चोराला चकवण्यासाठी खोटे कारण द्यावे, स्पॅमवाल्याला 'असा पत्ताच नाही' सांगावे म्हणजे तो नाव काढून टाकेल. हा मला सर्वांत घातक वाटतो. स्पॅमवाले क्वचितच नावे काढतात. प्रामाणिक वितरक मात्र '५.१.१' मिळाले की तो पत्ता कायमचा वगळतात. त्यांचे सॉफ्टवेअर हे आपोआप करते. फिल्टरने एका दिवशी चूक केली, तर बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या यादीतून खरा माणूस बाहेर पडतो आणि त्याला कधीच कळत नाही. कोड ही यंत्रांनी विश्वासाने वापरायची भाषा आहे, तिच्यात खोटे बोलू नये.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : कारण सांगितले की लोक भांडायला येतात. येऊ द्यावे, पण मार्ग आखून द्यावा. प्रत्येक मेल सर्व्हरवर 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे असा एसएमटीपीचा नियम आहे, आणि त्यावर आलेला मेल शक्य तितका स्वीकारावा अशी अपेक्षा आहे. ज्याला अडवले त्यालाच 'मेल करून कळवा' म्हणणे निरर्थक ठरू नये, म्हणून या पत्त्याला काळ्या यादीच्या तपासणीतून वगळावे किंवा फोन नंबर द्यावा. पोस्टफिक्समध्ये प्रत्येक नकाराच्या शेवटी ठरावीक ओळ जोडता येते. मदतीचा फोन नंबर, वेळ, पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता आणि सर्व्हरचे नाव, एवढे त्या ओळीत मावते. फोन आला की नोंद मिनिटभरात सापडते. मोघम नकार देणाऱ्यांकडेही तक्रारी येतातच, फक्त त्या हाताळायला तासभर लागतो.

देवनागरीत मेलचा पत्ता घेणाऱ्यांसाठी हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०१४ मध्ये '.भारत' हे डोमेन देवनागरीत खुले झाले, आणि अशा लिपीतले पत्ते वापरण्याचे मेलचे नियम २०१२ मध्येच ठरले आहेत. पण ते न पाळणारे सर्व्हर अजून आहेत. त्यांच्याकडे मेल गेला की तो अडतो, आणि यासाठी '५.६.७' हा वेगळा कोडही आहे. तो न देता नुसते 'पत्ता अवैध' म्हटले, तर मराठी पत्ता घेणाऱ्याला वाटते की आपणच काहीतरी चुकलो. तो मुकाट्याने इंग्रजी पत्त्याकडे वळतो.

मेल परत आला तर ते पत्र काढून टाकू नका. खालच्या भागात ४ किंवा ५ ने सुरू होणारा, टिंबांनी जोडलेल्या तीन आकड्यांचा कोड शोधा. दुसरा आकडा १ असेल तर पत्ता एकेक अक्षर तपासा, २ असेल तर समोरच्याला फोन करा, ३ असेल तर आधी मेलचा आकार पाहा, ७ असेल तर ते पूर्ण पत्र जसेच्या तसे तुमच्या मेल सेवा पुरवठादाराकडे पाठवा. आणि मेल सर्व्हर तुम्हीच सांभाळत असाल, तर बाहेरच्या खात्यावरून स्वतःच्याच डोमेनवर एका चुकीच्या पत्त्याला मेल पाठवा आणि परत काय येते ते वाचा.